पुन्हा बघायची छाती होत नाही असा सिनेमा?

मित्राला म्हटलं, 'मँचेस्टर बाय द सी' (२०१६) बघच. तो म्हणाला, "तू किती वेळा पाहिलास?" एकदाच. "मग मला कशाला ढकलतोस?"

खरंय. नायकाचं घर जळून गेलंय, त्याच्या बायकोला स्ट्रेचरवरून रुग्णवाहिकेत चढवतायत आणि स्ट्रेचरचे पाय काही केल्या दुमडत नाहीत. मला तिथे हसू यायला लागलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली. तो प्रसंग परत बघणं नको वाटतं. तरी ज्याला त्याला बघ म्हणून सांगत सुटतो.

तुमचे असे सिनेमे सांगा. नुसती नावं नकोत, कुठे अडकलात ते लिहा. शेवट फोडणार असाल तर आधी बजावा.

*

'द फादर' (२०२०). अँथनी हॉपकिन्सला यासाठी ८३व्या वर्षी ऑस्कर मिळालं, ते सोडा. त्यातलं घर बघा. तेच घर, पण सामान बदलतं, भिंतींचे रंग बदलतात. माझंच लक्ष नव्हतं समजून मी दोनदा रिमोटने मागे नेलं. मग ट्यूब पेटली: स्मृती हरवत चाललेल्या म्हाताऱ्याचा गोंधळ आपल्याला भोगायला लावलाय.

म्हातारा घड्याळ स्वतःच लपवतो आणि सांभाळणाऱ्या बाईवर आळ घेतो. आमची आई चाव्यांचं हेच करायची. मी तिच्याशी भांडायचे. सिनेमा तिच्या आधी आला असता तर कदाचित कमी भांडले असते.

*

माझं उलटं आहे. '१२ अँग्री मेन' (१९५७) मी तापात असलो की लावतो. खुनाच्या खटल्यात आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवायला बसलेले बारा ज्युरी. ९६ मिनिटं, जवळपास सगळा एका खोलीत, पहिलं मतदान ११ विरुद्ध १. त्याच गोष्टीवरचा हिंदीतला 'एक रुका हुआ फैसला' (१९८६) आधी पाहिला होता, त्यामुळे निकाल माहीत होताच.

एकदा आवाज बंद करून बघा. सुरुवातीला कॅमेरा डोळ्यांच्या वर असतो, मग डोळ्यांच्या पातळीवर येतो, शेवटी त्याच्याही खाली जातो आणि छत दिसायला लागतं. लेन्सही बदलत जातात, त्यामुळे भिंती जवळ आल्यासारख्या वाटतात. दिग्दर्शक सिडनी ल्युमेटने हे ठरवून केलंय. आपल्याला फक्त उकडायला लागतं.

*

जपानी दिग्दर्शक ओझूचा 'टोकियो स्टोरी' (१९५३). बाविसाव्या वर्षी झोपलो होतो. अर्ध्या तासात.

पंचेचाळीसाव्या वर्षी परत लावला. आईवडील मुलांकडे आलेत, मुलांना वेळ नाही, म्हणून त्यांना गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी 'मजा करून या' म्हणून धाडतात. तिथे रात्रभर तरुणांचा धिंगाणा, दोघांना झोप नाही. सकाळी समुद्राकाठच्या बंधाऱ्यावर बसतात आणि उठताना आईला चक्कर येते. एवढंच. मीही आईबाबांना असंच तिकीट काढून दिलं होतं. परत आल्यावर "छान झालं" म्हणाले होते. मी पुढे काही विचारलं नव्हतं.

*

गंभीर म्हणजे रडका किंवा संथ, हे कुणी ठरवलं? 'अ सेपरेशन' (२०११) बघा, रहस्यपटासारखा पळतो. पहिल्याच प्रसंगात नवराबायको थेट आपल्याकडे बघून घटस्फोटावर बोलतात, न्यायाधीश दिसतच नाही. म्हणजे ती खुर्ची आपली. नवऱ्याच्या आजारी वडिलांना सांभाळायला आलेली बाई धार्मिक सल्ला देणाऱ्यांना फोन करून विचारते, या म्हाताऱ्याचे कपडे बदलले तर पाप लागेल का? सांगा, चूक कुणाची? आमच्याकडे रात्री दोनपर्यंत वाद झाला आणि मी मध्येच बाजू बदलली. नवरा अजून टोमणे मारतो.

*

(शेवट फोडतोय.) जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा 'इकिरू' (१९५२). पोटाच्या एक्स-रेने सुरू होतो. बायका डबक्याची तक्रार घेऊन पालिकेत येतात आणि या खात्यातून त्या खात्यात फिरवल्या जातात. मी ३१ वर्षं नोकरीत हेच केलं, "शेजारच्या टेबलावर विचारा" हे वाक्य माझंच.

नायक, तिथलाच अधिकारी, बराच आधी मरतो. उरलेल्या भागात सहकारी त्याच्या शोकसभेत पितात, रडतात, आपणही बदलू म्हणून शपथा घेतात. दुसऱ्या दिवशी परत तेच, तक्रार आली की दुसऱ्या खात्याकडे. एक जण संतापून उठतो, खुर्ची पडते, सगळे बघतात आणि तो हळूहळू खाली बसून फाइलींच्या ढिगाऱ्याआड दिसेनासा होतो.

माझी तर खुर्चीही कधी पडली नाही.