घरच्यांबरोबर फळं काढली होती का? आठवणी लिहा

आमची राजापूरकडची हापूसची कलमं आता कराराने जातात. मोहोर बघून व्यापारी आकडा सांगतो, फवारणी त्याची, माणसं त्याची, पेट्याही त्याच्याच. वय झालेल्या काकांना आता बाग झेपत नाही, त्यामुळे हे बरंच झालं. पण कुठला आंबा आज काढायचा आणि कुठला चार दिवसांनी, हे काकांना खालून नुसतं बघून कळतं. ते आमच्या पिढीत कुणाकडेच पुरतं आलेलं नाही, याची मला फार हळहळ वाटते. म्हणून हा धागा. फळ गोड होतं एवढंच नको. कसं काढायचात, कोण शिकवायचं, घरात कुणाच्या वाट्याला कुठलं काम यायचं, ते सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

आंबा पुरा पिकू द्यायचा नाही, ‘चौदा आणे’ झाला, म्हणजे सोळा आण्यांत जरा कमी तयार झाला, की काढायचा. देठाजवळ खांदे भरून वर आले, हिरवा रंग जरा निवळला, की तो तयार. झाडाला पाड लागला, म्हणजे एखादं फळ आपसूक पिकून खाली आलं, की काका झेल्याची जाळी तपासायला घ्यायचे. लांब काठी, टोकाला पातं आणि खाली जाळी असा हा झेला. फळ जाळीत घेऊन पात्याने देठ कापायचा, तोही बोटभर राखून. देठ मुळापासून तुटला की चीक उडतो, सालीवर ओघळतो आणि तिथे काळा डाग पडतो. असा आंबा पेटीत जात नाही, घरात राहतो. आम्हा मुलांना त्याचं दुःख नव्हतं, पण काका मात्र प्रत्येक डागाला हळहळायचे.

झेला काका आणि माझा मोठा चुलतभाऊ धरायचे. जाळी खाली आली की आंबा दोन्ही हातांनी उचलून गवत घातलेल्या टोपलीत ठेवायचं काम माझं आणि बहिणीचं. टाकायचा नाही, ठेवायचा. ऊन चढायच्या आत काढणी थांबायची, कारण तापलेल्या आंब्यात साका धरायची, म्हणजे आतला गर पांढरट आणि स्पंजासारखा व्हायची भीती. मग काकू माजघरात भाताच्या पेंढ्यावर आंबे पिकायला रचून आढी घालायची. पुढचे आठ-दहा दिवस तिच्या परवानगीशिवाय त्या खोलीत कुणी पाऊल टाकायचं नाही. आढी परतताना ती प्रत्येक फळ देठाशी हुंगायची आणि न बोलता तीन ढीग करायची: आजचे, उद्याचे, रसाचे.

पुरंदरहून

आमच्याकडे अंजीर. खट्टा आणि मीठा असे दोन बहार, पण घरच्यांची खरी धावपळ मीठ्याला, उन्हाळ्यात. अंजीर झाडावरच पिकावा लागतो, कच्चा तोडून आढीत पिकत नाही. म्हणजे आज तयार झालेला आजच काढायचा, सुट्टी नाही. घरात लग्न असलं तरी पहाटे दोघं जण बागेत असायचेच.

अंजिराचं पान खरखरीत, आणि देठातून पांढरा चीक येतो. तो हाताला लागला की खाज सुटते, बोटांच्या बेचक्यांत तर कातडी सोलवटते. आई दादांचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट साडीवरून घालायची आणि आम्हाला आधी हाताला खोबरेल लावायला लावायची. फळ धरून ओढायचं नाही. देठाशी बोट लावून जरा वर वळवलं की ते सुटतं. पाटीत खाली अंजिराचीच पानं, वर फळांचा थर, पुन्हा पानं. आजी फक्त पाटी भरायची. सत्तरीतही तिच्या पाटीतलं एक फळ चेपलेलं निघायचं नाही. ऊन वर यायच्या आत पाट्या सासवडच्या वाटेला लागायच्या.

पुरंदरच्या अंजिराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आजी हयात नव्हती. बातमी वाचून दादांनी तिच्या फोटोपुढे पाटी ठेवली होती.

तासगावहून

द्राक्षाचा घड मण्यांना हात न लावता काढायचा. देठाला धरायचं, कात्री लावायची. मण्यांवर जी पांढरी भुकटी असते ती पुसली गेली की माल शिळा दिसतो. आमचे आण्णा मागून ओरडत यायचे, “आरं, मण्याला बोट लावू नगंस!”

बेदाण्याच्या मालाला एवढं जपावं लागत नाही. तो क्रेटातून शेडवर येतो, पोटॅशियम कार्बोनेट आणि तेलाच्या द्रावणात बुडवतात आणि जाळ्यांवर पसरतात. वाळला की झाडायला सगळं घर. मार्चात अवकाळीचे ढग आले की वडील रात्रभर अंगणात येरझाऱ्या घालायचे, आणि आम्ही भावंडंही जागी असायचो. आठवणी गोडच आहेत, पण त्या रात्रीही लिहायला हव्यात.

सत्तरी, गोव्याहून

आमच्याकडे काजूचा बोंडू तोडतच नाहीत. रसासाठी आपोआप पडलेलाच घ्यायचा, कारण तोच पुरा पिकलेला. टोकाला खिळा ठोकलेल्या काठीने टोचून उचलायचा, म्हणजे उतारावर दर वेळी वाकावं लागत नाही. बी पिळून वेगळी, बोंडू वेगळे. बिया मोजायचं काम आमचं. डोंगरावरून उतरताना आजी पिशवीत ताजा नीरो, म्हणजे बोंडूचा गोड रस, घ्यायची, आणि तो संध्याकाळच्या आत संपवायचा, कारण लगेच आंबतो.

भोरहून

शेत नाही, बाग नाही. मे महिन्यात मामा घाटातल्या जाळीत करवंदांना न्यायचा. काटे, चिकट बोटं, पानांचे द्रोण. प्रत्येक करवंद फोडून ‘कोंबडा की कोंबडी’ बघायचं, आत लाल निघालं की कोंबडा. मामी म्हणायची, झुडपावर थोडी ठेवा, पाखरांनाही लागतात.

न्यू जर्सीहून

इथे सप्टेंबर-ऑक्टोबरात सफरचंदाच्या बागा लोकांना खुल्या करतात. दारात पिशवी विकत घ्यायची आणि आपल्या हाताने भरायची. आई मिरजेहून आली होती तेव्हा तिला नेलं. मुलं फळाला लोंबकळून ओढत होती. बागेतल्या बाईंनी येऊन दाखवलं की फळ तळहातात धरून वर उचलायचं आणि जरा वळवायचं. ओढलं तर फळाबरोबर आखूड फांदी तुटते, आणि पुढच्या वर्षीची कळी त्याच फांदीवर असते. आईला इंग्रजी कळत नव्हतं, पण बाईंचा हात बघून तिने पुढचं फळ तसंच काढलं आणि मुलांना मराठीत समजावलं. वर अंजीरवाल्या ताईंनी लिहिलंय ना, वळवून सुटतं, तसंच.

तेव्हापासून दर वर्षी मुलगी मैत्रिणींना ते शिकवते. आई आता फोनवर विचारते, “यंदा फांदी मोडली नाही ना रे कुणी?”

पुन्हा राजापूरहून

सगळ्यांचं मनापासून वाचलं. यंदा व्यापाऱ्याशी बोलून दोन कलमं करारातून वगळली आहेत. काका खुर्चीत बसून सांगणार, आम्ही काढणार. संत्री, मोसंबी, बोरं, चिकू यांबद्दल अजून कुणीच लिहिलेलं नाही. विदर्भ, मराठवाडा आणि डहाणूकडच्यांनी जरूर लिहा.