मुदपाकखान्यातला 'पाक' कुणाचा?

मूळ प्रश्न :

गेल्या महिन्यात इस्तंबूलला जाऊन आले. शहराच्या आशियाई बाजूला कादीकोय नावाचा भाग आहे. तिथल्या बाजारात दुपारी एका साध्या लोकान्तात जेवायला शिरले. काचेमागे वाफेवर ठेवलेली पसरट भांडी, त्यांत सकाळीच रांधलेल्या भाज्या, कडधान्ये, मटण, भात. आपण बोट दाखवायचे आणि वाढून घ्यायचे. मी मसुरीचे सूप, पांढऱ्या घेवड्याची उसळ (तिकडे कुरू फासुल्ये म्हणतात) आणि भात घेतला. पाव टेबलावर आधीच होता.

तुर्कीचा मला गंध नाही, पण जेवताना कान सारखे टवकारले जात होते. वाढणाऱ्याने 'ताबाक' मागितले, ते तबक. शेजारच्या टेबलावरून 'हेसाप' अशी हाक आली, तो हिशेब. मग कुणीतरी आतल्या बाजूला बघून 'मुतफाक' म्हणाले. हा शब्द तोंडात घोळवत बसले आणि रस्त्यावर आल्यावर एकदम मुदपाकखाना (वाड्यातले स्वयंपाकघर) आठवला.

आजवर मी धरून चालले होते की मुदपाकखान्यातला 'पाक' म्हणजे पाकशाळेतला, पाकसिद्धीतला संस्कृत पाक. मग 'मुद' कुठला? भाताची मूद? की हे सगळेच चुकले? आणि दुसरे, लोकान्ता हा शब्द आपल्या 'लोक'शी जुळतो का?

प्रतिसाद :

मूदही नाही आणि पाकही नाही. मूळ अरबी शब्द 'मत्बख'. त-ब-ख या धातूचा अर्थ शिजवणे. अरबीत धातूच्या आधी 'म' आला की बरेचदा ती क्रिया जिथे होते ती जागा कळते. क-त-ब म्हणजे लिहिणे, त्यावरून मकतब, म्हणजे लिहायला शिकण्याची जागा. स-ज-द म्हणजे माथा टेकणे, त्यावरून मस्जिद, म्हणजे आपली मशीद. तसाच मत्बख, शिजवण्याची जागा.

तुर्कांच्या तोंडी त्याचे मुतफाक झाले, आपल्याकडे मुदबख, मुदपाक. 'पाक' हा शब्द मराठी कानाला आधीपासून ओळखीचा होता, म्हणून 'बख'चे 'पाक' होणे सोपे गेले. अनोळखी शब्दाला ओळखीच्या शब्दाचा आकार देण्याची ही सवय सगळ्याच भाषांना असते. पुढे आपण त्याला फारसी 'खाना' जोडला. खाना म्हणजे घर, जागा (दवाखाना, कारखाना). म्हणजे जागा दोनदा आली. पण मुदपाकखाना उच्चारताना हे कुणालाच खटकत नाही.

लोकान्ता मात्र आपल्या लोकांचा नाही. तो इटालियन 'लोकान्दा'वरून आला. त्याचा अर्थ सराई, उतरायची जागा. इस्तंबूलच्या गलाता भागात इटालियन व्यापाऱ्यांची वस्ती फार जुनी. त्यांच्या भाषेतले बरेच शब्द तुर्कीत राहिले.

प्रतिसाद :

तबकाबद्दल थोडे. आमच्या घरी तबक म्हणजे पितळेचे, काठ असलेले, पूजेचे. आरतीचे तबक, हळदीकुंकवाचे तबक, औक्षणाचे तबक. त्यात कुणी जेवत नाही. इस्तंबूलच्या खाणावळीत तेच ताबाक म्हणजे रोजची ताटली, चिनी मातीची, दिवसाला शंभरदा धुतली जाणारी. शब्द एकच (अरबी 'तबक'), पण तिकडे तो टेबलावर राहिला आणि आपल्याकडे देवघरात गेला. मुदपाकखान्याचेही तसेच. तुर्कीत कुणाच्याही घरचे स्वयंपाकघर मुतफाक. मराठीत मुदपाकखाना म्हटले की राजवाडा, पंगती, आचारी डोळ्यांपुढे येतात. रोजच्या वापराला आपल्याकडे ताट आणि स्वयंपाकघर हे शब्द आधीच होते. नवे आले ते दरबारातून, म्हणून त्यांना मानाची जागा मिळाली, असे मला वाटते.

प्रतिसाद :

म्हणजे मराठीत इतके तुर्की शब्द आहेत?

प्रतिसाद :

नाही, आणि हा घोळ नेहमी होतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. हिशेब, तबक, मुदपाक हे अरबी. पनीर (पेयनिर), ताजा (ताझे), कोफ्ता (क्योफ्ते, मूळ अर्थ कुटलेले) हे फारसी. तुर्कीने ते तिकडे घेतले, आपण दख्खनेत बहमनी काळापासून फारसीच्या हातून घेतले. आपण आणि तुर्क एकाच दुकानाचे गिऱ्हाईक आहोत. एकमेकांकडून उधारी फारशी नाही.

खरा तुर्की शब्द हवा असेल तर खिमा घ्या. तुर्कीत 'कीयमाक' म्हणजे बारीक चिरणे, त्यावरून कीयमा. इराणमार्गे तो हिंदुस्थानात आला आणि इराण्याच्या हॉटेलात खिमा-पाव झाला.

उलट दिशेचा प्रवासही आहे. तुर्की शेकेर आणि मराठी साखर दोन्ही शर्करेच्या पोटच्या. पातलीजान म्हणजे वांगे. अरबी-फारसीतून मागे गेले की हा शब्द संस्कृत वातिंगणापर्यंत पोचतो, आणि आपले वांगेही त्याच घरातले. तिकडे खिमा भरलेल्या वांग्याला कारनीयारिक म्हणतात, शब्दशः 'पोट चिरलेले'. भरल्या वांग्याच्या देशातून गेलेल्या माणसाने तो पदार्थ जरूर खावा.

मूळ धागाकर्ती :

कारनीयारिक खाल्ले! शेंगदाण्याचा कूट नाही, गूळ नाही, तरी ओळखीचे वाटले.

आता ज्यांनी मला फसवले ते शब्द. वाढणारा दर वाक्याला 'तमाम' म्हणत होता. मला वाटले सगळेच वाढतो आहे. तिकडे तमाम म्हणजे 'ठीक, झाले'. मूळ अर्थ पूर्ण. आपण त्यातून 'सगळे' घेतले (तमाम जनता), त्यांनी 'पूर्ण झाले' घेतले. 'हाझिर' म्हणजे तयार, आपल्या हजर माणसासारखे उपस्थित नव्हे. 'मिसाफिर' म्हणजे पाहुणा, आणि आपला मुसाफिर अजून वाटेवरच. हा मला सगळ्यांत आवडला. प्रवासी दारात पोचला की पाहुणा होतो, तुर्कीने त्याला दारातून आत घेतले. 'बाहशिश' म्हणजे वाढणाऱ्याला ठेवतात ते पैसे. आपल्याकडे बक्षीस स्टेजवर मिळते.

'मेझे' म्हणजे जेवणाआधीचे चवीचे छोटे पदार्थ. मूळ फारसी 'मझे' म्हणजे चव. आपली मजा तीच. जिभेवरची चव आपण मनापर्यंत नेली.

प्रतिसाद :

आचाऱ्याला काय हाक मारत होते ते ऐकले का? 'उस्ता'. तो उस्तादच. गवंडी, मेकॅनिक, आचारी, हातात कसब असलेला कुणीही उस्ता. कोल्हापूरच्या तालमीतला वस्ताद त्याचा सख्खा भाऊ.

मला भाषांतराचा प्रश्न पडला आहे. एस्नाफ लोकान्तासे हा खास प्रकार आहे, दुकानदार-कारागिरांसाठी दुपारचे घरगुती जेवण देणारा. एस्नाफ म्हणजे हे दुकानदार-कारागीर. मराठीत काय म्हणायचे? रेस्टॉरंट फार चकचकीत होते, उपाहारगृह म्हटले की बटाटेवडा आठवतो.

प्रतिसाद :

खाणावळ, दुसरे काही नको. गिरणगावातल्या खाणावळी आठवा. गिरणीत राबणाऱ्या, घरदार गावाकडे असलेल्या माणसांना बायका आपल्या खोलीत रांधून वाढायच्या. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी त्याच बायकांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संघटना उभी केली. फरक आहेच. आपली खाणावळ महिन्याच्या बोलीवर चालायची आणि समोर येईल ते खायचे. लोकान्तात रोज निवड असते आणि पैसे तिथल्या तिथे. पण कामकरी माणसाला दुपारी घरच्यासारखे गरम अन्न, हे दोन्हीकडे सारखे. आणि शब्द लिहिताना 'खाणावळ' लिहा. तो खाण्यावरून आला आहे, दवाखान्यातल्या खान्यावरून नाही. खानावळ रूढ आहे, पण मला ते पटत नाही.

प्रतिसाद :

हे अरबी-फारसी शब्द काढून टाकायचे प्रयत्न दोन्हीकडे झाले. आपल्याकडे शिवकाळात अशा शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश झाला, त्यात खाण्यापिण्याच्या वस्तूंचा भोग्यवर्गही आहे. तुर्कस्तानात 1928 मध्ये लिपी बदलली, 1932 मध्ये भाषेची संस्था निघाली आणि अरबी-फारसी शब्दांना तुर्की पर्याय देणे सुरू झाले. मिसाफिरला 'कोनुक' हा पर्याय आहे, तरी लोक मिसाफिर म्हणतातच. मुतफाक तर जागचा हलला नाही.

मूळ धागाकर्ती :

खाणावळ पक्के. प्रवासवर्णनात तोच वापरेन.

एक राहिले. निघताना शेजारचे आजोबा उस्ताला 'झियादे ओल्सून' म्हणाले. अर्थ विचारला तेव्हा कळले, 'आणखी वाढो'. झियादे म्हणजे आपला जादा, जादा तासातला, जादा गाडीतला. पोटभर जेवून उठताना वाढणाऱ्याच्या घरी भर पडो म्हणायचे. माझी आजी अशा वेळी 'अन्नदाता सुखी भव' म्हणायची. मी उस्ताला ते मराठीतूनच म्हटले. त्याने हात छातीवर ठेवला.