ब्रिजिडचा क्रॉस: ३१ जानेवारीच्या रात्री की सुट्टीच्या सोमवारी?

वेदवती: आयर्लंडमध्ये २०२३पासून तिथली संरक्षक संत ब्रिजिड हिच्या १ फेब्रुवारीच्या सणाची सुट्टी फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी असते, १ तारीख शुक्रवारी आली तर मात्र त्या शुक्रवारीच. पण म्हणून लव्हाळ्याचा क्रॉस विणणं सोमवारवर ढकलू नये. उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतातली मूळ रीत सणाच्या आदल्या, ३१ जानेवारीच्या रात्रीची. एकजण लव्हाळ्याची मोळी घेऊन बाहेर जातो आणि दाराशी येऊन तीनदा म्हणतो, गुडघे टेका, डोळे उघडा, ब्रिजिडला आत घ्या. आतले तिचं स्वागत करतात. मोळी टेबलाखाली ठेवायची, लोणी घातलेले कुस्करलेले बटाटे खायचे आणि मग त्याच काड्यांचे क्रॉस विणायचे. दारातला हा प्रवेश वगळला तर उरते नुसती हस्तकला.

सारंग: नाही पटत. ही रीत सगळ्या आयर्लंडची कधीच नव्हती. नैऋत्येच्या केरी परगण्यात 'बिडी'ची, म्हणजे ब्रिजिडच्या नावाने निघणारी मंडळी गवती टोप्या घालून, बाहुली घेऊन दारोदार फिरतात. पश्चिमेच्या कोनाक्ट प्रांतात गवताच्या दोराचं कडं करून त्यातून माणसं पार होतात. जपायचं आहे ते विणायचं कसब, आणि ते नीट शिकवायला सुट्टीचा मोकळा दिवस लागतो. एक काडी उभी धरा. दुसरी मध्यावर दुमडून तिच्यावर अडकवा, टोकं उजवीकडे. पूर्ण जुडगा डावीकडे पाव वळसा फिरवा, टोकं वर येतील. पुढची काडी सगळ्यांवरून दुमडा, टोकं पुन्हा उजवीकडे. असं १६ ते २८ काड्यांपर्यंत. बहुतेकांचं चुकतं ते इथे: दर घडी अंगठ्याने मध्याकडे दाबून बसवत नाहीत. लव्हाळा वाळला की आकसतो, मधला चौकोन सैल पडतो आणि बाहू निसटतात. चारही टोकं दोऱ्याने आवळून बांधा, मगच कापून सारखी करा.

वेदवती: विणायची पद्धत बरोबर आहे. पण ब्रिजिडच्या नावाने घराबाहेर ठेवतात त्या फडक्याचं काय कराल? ते ३१च्याच रात्री बाहेर ठेवतात, कारण ब्रिजिड त्या रात्री जाताना त्याला स्पर्श करते अशी श्रद्धा आहे. तेच पुढे वर्षभर डोकेदुखीला बांधतात. सोमवारी ठेवलेल्या फडक्याला ही श्रद्धा पाळणाऱ्या घरात काही अर्थ नाही.

तन्मय: फडक्याबाबत वेदवतीताईंशी सहमत. मात्र दोघांनीही लव्हाळा उपटायचा असतो, कापायचा नाही, हे सांगितलं नाही. लोखंड लावायचं नाही, हाताने ओढायचा.

सारंग: ते मान्य, राहून गेलं. आणि हिरवाच घ्या, तपकिरी काडी दुमडताना मोडते. आदल्या दिवशी आणला तर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. सोमवारीही छान वळतो.