मदत हवी आहे: लिथियम सर्वांत प्रबळ क्षपणक, मग पाण्यात सर्वांत शांत कसं?

आवर्तसारणीचे पहिले दोन गण शिकवण्यासाठी टिपण काढते आहे आणि एका जागी अडले आहे. जाणकारांनी कृपया वाट दाखवावी.

अल्क धातू (पहिल्या गणातले लिथियम, सोडियम, पोटॅशियम, सिझियम वगैरे) पाण्यात टाकला की हायड्रॉक्साइड तयार होतं आणि हायड्रोजन सुटतो. लिथियम संथपणे बुडबुडे सोडतं, सोडियम वितळून गोळी होतं आणि पाण्यावर पळतं, पोटॅशियम लगेच जांभळट ज्योतीने पेटतं, सिझियम तर पाण्याला लागताच स्फोट. कारण दिलं जातं आयनीकरण ऊर्जेचं, म्हणजे अणूतून इलेक्ट्रॉन काढायला लागणाऱ्या ऊर्जेचं. लिथियमची ५२० किलोज्यूल प्रतिमोल, सोडियमची ४९६, पोटॅशियमची ४१९, सिझियमची ३७६. इलेक्ट्रॉन जितका सहज सुटेल तितका जोर जास्त. इथवर पटतं.

पण मग प्रमाण इलेक्ट्रोड विभवांचा तक्ता समोर येतो. त्यात आकडा जितका जास्त उणे, तितका धातू प्रबळ क्षपणक, म्हणजे दुसऱ्याला इलेक्ट्रॉन देणारा. लिथियम उणे ३.०४ व्होल्ट, पोटॅशियम उणे २.९३, सोडियम उणे २.७१. लिथियमचा आयन इतका लहान की पाण्याचे रेणू त्याला घट्ट वेढतात आणि त्या जलयोजनातून सुटणारी ऊर्जा आयनीकरणाचा जादा खर्च भरून काढते, हेही समजलं. मग तेच लिथियम प्रत्यक्ष पाण्यात एवढं निवांत का?

दुसरी अडचण दुसऱ्या गणातल्या कॅल्शियमची. त्याचा विभव उणे २.८७, म्हणजे सोडियमच्याही पुढे. तरी तुकडा आधी तळाशी जातो, बुडबुड्यांच्या आधाराने वर येतो, पाणी दुधाळ करतो. वितळत नाही, पेटत नाही. "आयनीकरण ऊर्जा कमी म्हणून" एवढ्यावर मुलांची बोळवण करणं मला पटत नाही. त्यांनी दोन्ही तक्ते शेजारी ठेवले तर काय सांगायचं?

प्रतिसाद

तुमचा प्रश्न अगदी योग्य जागी बोट ठेवतो. विभव सांगतो की अभिक्रिया ऊर्जेच्या दृष्टीने किती फायद्याची आहे. ती किती वेगाने होईल हे तो सांगत नाही. डोळ्यांना दिसतो तो वेग.

उष्णतेचे आकडे पाहा. पाण्याशी अभिक्रिया होताना एक मोल लिथियम सुमारे २२२ किलोज्यूल देतं, पोटॅशियम १९६, सोडियम १८४. यात लिथियमच पुढे आहे! ग्रॅममागे काढलं तर फरक आणखी मोठा: लिथियम साधारण ३२ किलोज्यूल, सोडियम ८, पोटॅशियम ५, सिझियम जेमतेम दीड. ग्रॅममागे सर्वांत कमी उष्णता देणारा धातू सर्वांत मोठा स्फोट करतो. हे कोष्टक मुलांकडूनच करून घ्या, आकडेच बोलतील.

आता द्रवणांक बघा. लिथियम १८० अंश सेल्सिअस, सोडियम ९८, पोटॅशियम ६४, सिझियम २८.५. सोडियम आणि पोटॅशियम स्वतःच्या उष्णतेने वितळतात, त्यामुळे ताजा पृष्ठभाग सतत पाण्याला मिळत राहतो. लिथियम घनच राहतं. शिवाय त्याचे अणू स्फटिकातून सोडवायलाच जास्त ऊर्जा लागते: लिथियमला सुमारे १५९ किलोज्यूल प्रतिमोल, पोटॅशियमला ८९. म्हणजे अभिक्रिया सुरू होण्याची चढण उंच आहे, पलीकडचा उतार कितीही खोल असला तरी. आयनीकरण ऊर्जेचा संबंध आहे तो या चढणीशी, त्यामुळे तुमचं टिपण खोटं नाही, अपुरं आहे.

कॅल्शियमचंही तेच. मोलमागे ४०० किलोज्यूलहून जास्त उष्णता सुटते, पण द्रवणांक ८४२ अंश. त्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइड पाण्यात फारसं विरघळत नाही (२० अंशांना १०० मिलिलिटरमध्ये ०.१७ ग्रॅमच्या आसपास), त्याचा थर धातूवर बसतो.

प्रतिसाद

वरच्या मुद्द्यांशी सहमत. स्फोटाबद्दल थोडी भर. "हायड्रोजन पेटतो म्हणून स्फोट होतो" एवढं लिहू नका. २०१५ साली प्राग इथल्या पावेल युंगविर्थ आणि सहकाऱ्यांनी सोडियम-पोटॅशियमच्या द्रव मिश्रधातूचे थेंब पाण्यात सोडून अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपले. पाण्याला स्पर्श झाल्यावर एक मिलिसेकंदही होत नाही तोच थेंबातून धातूचे काटे चहूबाजूंनी बाहेर फुटतात. इलेक्ट्रॉन झपाट्याने पाण्यात निघून जातात, मागे उरलेला धातू धनभारित होतो आणि तो भारच त्याला फाडतो. पृष्ठभाग एकदम प्रचंड वाढतो. हे नसतं तर हायड्रोजनच्या थराने धातू आणि पाणी वेगळे होऊन अभिक्रिया मंदावली असती.

प्रात्यक्षिक करणार असाल तर पोटॅशियमला हात लावू नका. जुन्या तुकड्यावर पिवळसर थर दिसला तर ते सुपरऑक्साइड (पोटॅशियम आणि ऑक्सिजनचं संयुग) असू शकतं, असा तुकडा कापतानाही स्फोट होतो. तांदळाच्या दाण्याएवढं सोडियम, मोठं भांडं, मध्ये पारदर्शक आडोसा, डोळ्यांना चष्मा, एवढं पुरे. पाण्यात फिनॉल्फ्थॅलीन (अल्कलीत गुलाबी होणारं सूचक) घातलं की गुलाबी रेघ दिसते.

धागाकर्ती

मनापासून आभार. ग्रॅममागच्या उष्णतेचं कोष्टक तर टिपणाच्या सुरुवातीलाच घेते. एकच शंका उरली. गण २ मध्ये बेरियमचं हायड्रॉक्साइड बऱ्यापैकी विरघळतं, म्हणजे थराचा अडथळा नाही. मग बेरियमचा स्फोट का होत नाही?

प्रतिसाद

म्हणूनच थर हे अर्धंच कारण. बेरियम हायड्रॉक्साइड २० अंशांना १०० मिलिलिटरमध्ये ४ ग्रॅमच्या जवळपास विरघळतं आणि बेरियम कॅल्शियमपेक्षा जोरात बुडबुडे सोडतं. पण द्रवणांक ७२७ अंश. प्रत्येक अणूचे दोन इलेक्ट्रॉन धातुबंधात गुंतलेले असतात, त्यामुळे धातू घन आणि घट्ट राहतो. द्रव थेंब नाही, म्हणून फुटणारे काटेही नाहीत.

मॅग्नेशियममध्ये मात्र थराचंच राज्य आहे: थंड पाण्यात जवळजवळ काही होत नाही, वाफेत तापवलं की लख्ख पेटतं आणि ऑक्साइड देतं. बेरिलियम वाफेलाही दाद देत नाही. वर्गात मॅग्नेशियमची पट्टी घासून कोमट पाण्यात ठेवा, फिनॉल्फ्थॅलीनचा रंग हळूहळू पट्टीलगतच चढताना दिसेल.