शोषणकड, शोषणकडा की उंबरठा?

(बोलणाऱ्यांच्या नावांऐवजी त्यांची गोव्यातली गावं दिली आहेत.)

ताळगाव: विज्ञान दिनासाठी मराठी फलक करायचा आहे. विषय: काचेवर चढवलेला ५० नॅनोमीटर जाडीचा तांब्याचा थर क्ष-किरणांच्या शोषणाने तपासणे. 'ॲब्सॉर्प्शन एज' (ज्या ऊर्जेला शोषण एकदम वाढतं ती जागा), 'एज स्टेप' (ती वाढ किती) आणि 'थिन फिल्म' यांच्या मराठी शब्दांवर अडलंय. 'तांब्याची शोषण कडा' चालेल का?

फोंडा: नाही. ती कड, अनेकवचन कडा. तो कडा डोंगराचा, अनेकवचन कडे. तुमची 'कडा' दोन्हींत बसत नाही. तांब्याची के-कड, म्हणजे अणूतल्या सर्वांत आतल्या के-कवचाची कड, ८९७९ इलेक्ट्रॉनव्होल्टला (हे ऊर्जेचं एकक). सोन्याच्या एल-कवचाच्या तीन कडा. 'तीन कडे' लिहाल तर वाचक मनगटाकडे बघेल.

डिचोली: व्याकरण मान्य, पण चित्र डोंगरकड्याचंच आहे. ऊर्जा वाढवत नेली की शोषण हळूहळू उतरतं. ८९७९ ला के-कवचातला इलेक्ट्रॉन सुटण्याइतकी ऊर्जा मिळते आणि आलेख जवळजवळ सरळ उभा चढतो, सुमारे सात पट. 'कड' म्हटलं की इथे कोकणीतली देग आठवते, पाण्याचा सपाट काठ. त्यात चढ कुठे आहे?

फोंडा: चढाला वेगळा शब्द आहेच: पायरी. कड म्हणजे कुठे, पायरी म्हणजे किती उंच. आणि ज्या ऊर्जेपासून सुटलेल्या इलेक्ट्रॉनचा हिशेब सुरू होतो, तो उंबरठा. तिन्ही एकाच शब्दात कोंबू नका.

मडगाव: हा भेद फलकावर यायलाच हवा, कारण खरी अडचण पायरीचीच आहे. साडेचार-पाच मायक्रॉनच्या तांब्याच्या पत्र्याची पायरी (आलेखातल्या चढाची उंची, एकक नसलेला आकडा) साधारण १ येते. ५० नॅनोमीटरची? ०.०१. आरपार मोजून एवढी पायरी नीट दिसत नाही, शिवाय मागची मिलिमीटरभर काच जवळजवळ सगळे किरण गिळते. म्हणून फ्लुओरेसन्स, म्हणजे शोषणानंतर तांब्यातून परत निघणारे क्ष-किरण मोजणे: नमुना ४५ अंशांत, शोधक आडव्या पातळीत किरणाशी काटकोनात (सिंक्रोट्रॉनचे, म्हणजे वर्तुळात फिरवलेल्या वेगवान इलेक्ट्रॉनांपासून मिळणारे किरण आडवे ध्रुवित असतात, तिथे विखुरलेले किरण सर्वांत कमी), आणि मोजायची फक्त ८.०५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची तांब्याची चमक. इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर दोन्ही पद्धतींनी मोजता येतं.

किरण थराच्या पृष्ठभागाशी फक्त १ अंशाचा कोन करून टाकला तर थरातला मार्ग ५७ पट लांबतो, जवळपास २.९ मायक्रॉन होतो. पण ०.१ मिमी उंचीचा किरण नमुन्यावर ५.७ मिमी पसरतो. नमुना त्याहून आखूड असेल तर उरलेला किरण वाया. ०.४ अंशाच्या आसपास किंवा खाली मात्र उतरू नका, पूर्ण परावर्तन सुरू होऊन पायरीचा आकारच बिघडतो.

साखळी: 'सुळका' हा शब्दही हवा. थर सिलिकॉनच्या चकतीवर असेल तर ऊर्जा बदलताना मध्येच टोकदार सुळके येतात. ते सिलिकॉनच्या स्फटिकाने वळवलेले किरण. नमुना अर्धा-एक अंश फिरवा: सुळका सरकतो, तांब्याची खरी शिखरं जागची हलत नाहीत. शिखर आणि सुळका हा फरक मराठीत आयता मिळतोय, वापरा.

'थिन फिल्म'ला 'पातळ थर' नको. धातू पातळ झाला म्हणजे वितळला! 'पापुद्रा' तर मुळीच नको, तो सुटून आलेला असतो. काचेवर तांबं नीट धरत नाही, म्हणून खाली ५ नॅनोमीटर क्रोमियम देतात. ते विसरलं तर खरोखर पापुद्रा हाती येतो. 'कल्हई' गोड आहे, पण ती कथिलाची. 'तांब्याचा नॅनोथर' लिहा.

ताळगाव: ठरलं. मथळा 'धातूंचे शोषण' ठेवतोय.

डिचोली: आमच्या खाणपट्ट्यात हा मथळा लावाल तर लोक निवेदनं घेऊन येतील. 'तांब्याच्या थरातील क्ष-किरणांचे शोषण' असं लिहा, शोषले जातात ते किरण.

मडगाव: आणि पावसाळी हवेत नमुना उघडा ठेवू नका. सिलिका जेलच्या बंद डब्यात ठेवा, नाहीतर वरचा भाग ऑक्साइड होईल, कड उजवीकडे सरकेल आणि फलकावर 'शुद्ध तांबे' लिहिलेलं असेल. सरकली की नाही हे कळायला आधी आणि नंतर तांब्याचा पत्रा मोजून घ्या.