खिशातली नाणी

'अ‍ॅरबी' या कथेच्या शेवटी विझणाऱ्या दिव्यांना भ्रमनिरासाचं प्रतीक म्हणणं म्हणजे कथेवर ओझं लादणं, हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटलं. जेम्स जॉइस या आयरिश लेखकाच्या १९१४ सालच्या संग्रहातल्या या कथेत दिवे विझायच्या जरा आधी बघा. आवडत्या मुलीसाठी भेट घ्यायला बाजारात उशिरा पोचलेलं पोरगं काहीच न घेता स्टॉलपासून वळतं आणि खिशातल्या सहा पेनीच्या नाण्यावर दोन पेन्या पडू देतं. बस्स, एवढंच. लेखक अर्थ सांगत नाही, पण तो बारीक खणखणाट माझ्या कानातून जात नाही. दिव्यांपेक्षा मला तो मोठा वाटतो.

आमच्याकडं चैत्रात जोतिबाच्या यात्रेला वडिलांनी सासनकाठीची, म्हणजे देवाच्या मानाच्या उंच काठीची, तोल सांभाळायची दोरी पहिल्यांदा माझ्या हातात दिली. काठी कलली, तळवे सोलले, गुलाल जखमेत गेला. वडील काही बोलले नाहीत, नुसतं पुढं बघत चालले. पोरगा मोठा झाला हे त्या दिवशी कुणी म्हटलं असतं, तर मला खोटं वाटलं असतं. आज यावर कथा लिहायची झाली, तर मी फक्त दोरी लिहीन आणि रात्री जेवताना भाकरी मोडता न येणारी बोटं.