मदत हवी आहे : ‘गॉट’ लिहावे की ‘गॉटन’?

अर्धविराम :
‘गेट’ या इंग्रजी क्रियापदाचे तिसरे रूप ‘गॉट’ की ‘गॉटन’? लेखकाने ‘गॉटन’ लिहिले आहे, तपासणीत कोणीतरी ते खोडून ‘गॉट’ केले आहे आणि दोघेही हट्टाला पेटले आहेत. शब्दकोशात दोन्ही रूपे दिलेली आहेत, तेव्हा शब्दकोश पाहण्याचा सल्ला कृपया देऊ नये. मजकूर आजच परत पाठवायचा आहे.

चिकित्सक :
पूर्ण वाक्य द्यावे. शिवाय मजकूर अमेरिकी वळणाचा हवा आहे की ब्रिटिश, हेही सांगावे.

शुद्धमती :
वाक्य कशाला हवे? ‘गॉटन’ हे अमेरिकेने बिघडवलेले रूप आहे. ‘गॉट’ लिहून मोकळे व्हावे.

जुनी पोथी :
हा समज उलटा आहे. ‘गॉटन’ इंग्लंडमध्येच रूढ होते. तेथून गेलेल्या वसाहतकारांबरोबर ते अमेरिकेत पोहोचले आणि टिकले, तर इंग्लंडमध्ये पुढे मागे पडले. 1611च्या इंग्रजी बायबलमध्ये तर भूतकाळी ‘गॅट’ असेही रूप आढळते. ब्रिटिश माणूस आजही ‘फरगॉटन’ म्हणतो आणि पापाच्या पैशाला ‘इल-गॉटन’ हेच विशेषण लावतो, ते कोणी बिघडवले?

मोजकेच :
माझ्या मते चांगल्या लेखनात ‘गेट’ असूच नये. ‘रिसीव्ह’, ‘ऑब्टेन’, ‘बिकम’ अशी नेमकी क्रियापदे असताना या सर्वभक्षक शब्दाची गरज काय? मी वर्षानुवर्षे असेच लिहीत आलो आहे.

चिकित्सक :
मग झोपेतून उठताना, बसमधून उतरताना आणि एखाद्याशी जुळवून घेताना आपण कोणते क्रियापद वापरता, तेही सांगावे. असो. अर्धविराम, वाक्य अजून आलेले नाही.

अर्धविराम :
वाक्याने काय फरक पडतो ते कळत नाही, पण घ्या : ‘आय हॅव गॉटन टु मीट मेनी रायटर्स.’ लेखक अमेरिकी आहेत, प्रकाशक ब्रिटिश. तपासणीनंतर ते ‘हॅव गॉट टु मीट’ झाले आहे.

चिकित्सक :
फरक इथेच पडतो. लेखकाला ‘मला अनेक लेखकांना भेटायला मिळाले आहे’ असे म्हणायचे आहे. दुरुस्तीनंतरचे वाक्य मात्र ‘मला अनेक लेखकांना भेटलेच पाहिजे’ असे वाचले जाईल, कारण ‘हॅव गॉट टु’ या रचनेतून सक्ती व्यक्त होते. अमेरिकी वापरात ही दोन रूपे वेगवेगळी कामे करतात : ‘हॅव गॉट अ टिकेट’ म्हणजे तिकीट जवळ आहे, ‘हॅव गॉटन अ टिकेट’ म्हणजे ते मिळवले आहे. ब्रिटिश प्रकाशकाला ‘गॉटन’ चालणार नसेल, तर साधा भूतकाळ करून ‘आय गॉट टु मीट’ लिहावे. त्यात संधी मिळाल्याचा अर्थ राहतो आणि सक्ती येत नाही. आपल्या ‘भेटायला मिळाले’ची घडणही थेट हीच आहे, त्यामुळे मराठी कानाला ही रचना चटकन पटावी.

शुद्धमती :
म्हणजे शेवटी ‘गॉट’च. मी आधीच सांगितले होते.

चिकित्सक :
आपण तिसऱ्या रूपाबद्दल सांगितले होते. हे दुसरे रूप आहे.

जुनी पोथी :
व्युत्पत्ती कोणी विचारली नाही, तरी सांगतो. हे क्रियापद प्राचीन नॉर्स या स्कँडिनेव्हियातील जुन्या भाषेतील ‘गेटा’वरून आले. जुन्या इंग्रजीत त्याचा सगोत्र धातू होता, पण तो मुख्यतः उपसर्ग लागूनच दिसे. ‘विसरणे’ या अर्थाचा ‘फरगेट’ त्यातलाच. इंग्रजीच्या स्वतःच्या वळणाने ‘ए’पूर्वीचा ‘ग’ मऊ होऊन ‘य’ झाला होता, म्हणून मध्ययुगीन हस्तलिखितांत ‘फरयेटेन’ अशा धाटणीची रूपे भेटतात. आज तिथे ठणठणीत ‘ग’ ऐकू येतो, ही उत्तरेकडून आलेल्या लोकांची देणगी आहे. आइसलँडिक भाषेत ‘गेटा’चा अर्थ ‘शकणे’ असाही होतो, हे ‘भेटायला मिळाले’च्या संदर्भात विचार करण्यासारखे आहे.

अर्धविराम :
साधा भूतकाळ करून मजकूर पाठवला. आता लेखक विचारतात की पुढच्या परिच्छेदातील ‘वॉज गेटिंग पेड’ बदलून ‘वॉज बीइंग पेड’ का केले. यात तरी अर्थ बदलतो का? लवकर सांगावे.

मोजकेच :
म्हणूनच म्हणत होतो, ‘गेट’ टाळावे.

चिकित्सक :
अर्थ बदलत नाही. ‘गेट’ घातलेला कर्मणी प्रयोग बोलीकडे झुकतो, इतकेच. मजकूर आत्मकथनाचा आहे की अहवालाचा?